विस्तीननं नेलेलं घुबड

शनिवार, ९ ऑक्टोबर १९९९, मेलबर्न

शेवटी कबूल केलं! मेल्यावर का होईना, पण केलं.

माझ्या थोरल्या भावाची, विस्तीनची मुलगी लॉरेन हिनं आज मला त्याच्या खोलीत नेलं. सख्खी पुतणी, आणि परवा विमानतळावर आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. माझ्या नावाचा पुठ्ठा धरून उभी होती बिचारी. खोलीत पलंग, कपाट, भिंतीवर आमच्या डिंग्ली गावातल्या चर्चचं कॅलेंडर, सात वर्षांपूर्वीचं. आणि कपाटावर घुबड.

माझं घुबड!

पस्तीस वर्षांनी. छातीचा पांढरा रंग थोडा पिवळट पडलाय, डाव्या पंखाचं एक पीस गेलंय. बाकी तसंच. मान जराशी उजवीकडे, कुणी हाक मारल्यासारखी. ती मान बाबांशिवाय कुणाला जमायची नाही. अख्ख्या माल्टात पेंढा भरणारे पन्नास होते, पण लोक पाखरू घेऊन नेनूकडेच, म्हणजे बाबांकडेच यायचे.

पायाला एक लेबल बांधलेलं, प्रवासाच्या बॅगेला लावतात तसलं. विस्तीनचं अक्षर. ‘हे लेलीचं. त्याला पोचतं करणे.’

म्हणजे चोरानं चोरी कबूल केली. सन १९६४, फेब्रुवारी महिना. विस्तीन पहाटे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर गेला आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून माझं घुबड गेलं. मी पंधरा वर्षांचा असताना मारलेलं, आयुष्यातलं पहिलं. बाबांनी एक शब्द काढला नाही. घुबड बसायचं तो लाकडी ठोकळा तेवढा कपाटात तसाच ठेवला. शेवटपर्यंत दुसरं पाखरू त्यावर बसवलं नाही.

लेबल वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लॉरेन समोर रडत उभी होती, तेव्हा हसता आलं नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

दफनभूमी. माती अजून ओली. दगड बसायचा आहे. आईनं पाठवलेली जपमाळ कबरीच्या कडेला पुरली. तिला सत्याऐंशी पूर्ण झाली, विमान झेपणार नाही, म्हणून मला ढकललं. ‘मी जाऊ शकत नाही. तू जा. भाऊ आहे तुझा.’ मी म्हटलं, होता. तिनं काठी उगारली.

परत येताना गाडीत लॉरेन म्हणाली, ‘काका, एक सांगायचं होतं. बाबा म्हणायचे, घुबड लेलीला द्या, पण ते उसवायचं नाही. कधीच नाही. दुरुस्तीलासुद्धा नाही.’

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मनात म्हटलं, का नको ते मला चांगलं ठाऊक आहे!

बाबांचा एक नियम होता. आमच्याकडे गावोगावचे शिकारी पाखरं आणायचे आणि त्यावरून भांडायचे – माझ्या गोळीनं पडलं, नाही माझ्या. म्हणून बाबा शिवण्याआधी पोटात एक चिठ्ठी ठेवायचे. कुठलं पाखरू, कुठे पडलं, कधी, कुणाचं. भांडण फार पेटलं तर उसवून दाखवायचे. म्हणायचे, ‘बाहेर लोकांना काय बोलायचं ते बोलू द्या. पोटात खोटं जाता कामा नये.’ माझ्या घुबडाच्या पोटात माझं नाव आहे. विस्तीनला भीती होती ती त्याचीच.

लॉरेन असंही म्हणाली की बाहत्तर साली त्यानं माल्टाचं तिकीट काढलं होतं. मग गेलाच नाही. का ते तिला माहीत नाही.

मी खिडकीबाहेरच बघत होतो.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

घुबड मेणबत्त्यांच्या खोक्यात नीट बसलं. भोवती विस्तीनचे दोन स्वेटर. खोका माझ्यासोबत, मांडीवर. विमानाच्या पोटात मालासोबत टाकणार नाही!

बुधवार, १३ ऑक्टोबर, विमानात

मेलबर्नला यंत्रातून खोका गेला. यंत्रावरची बाई पडद्याकडे बघतच राहिली. तारा, कवटी, काचेचे डोळे. ‘हे काय आहे?’ म्हटलं, घुबड. पेंढा भरलेलं. घरचंच आहे. तिनं पोटावर बोट ठेवलं – ‘आणि हे ठिपके?’ छर्रे असतील, मी म्हटलं. मी मारलंय ते! तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासू मारून आणलीय. पण तिचं काम बाँब शोधायचं, घुबड शोधायचं नाही. जाऊ दिलं.

शेजारी रोमला जाणारी एक म्हातारी. खोका मांडीवर बघून म्हणाली, ‘केक वाटतं?’ नाही, नातेवाईक. त्यानंतर ती बोलली नाही. बरं झालं.

गुरुवार, १४ ऑक्टोबर, डिंग्ली

गाढव! मी गाढव आहे. हे आज तारीख घालून लिहून ठेवतो.

रोमला विमान बदललं, माल्टाला उतरलो, दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या हिरव्या दारातून बाहेर पडत होतो. कस्टमवाल्यांतलं कुणी मान वरसुद्धा केली नाही. दार चार पावलांवर. तेवढ्यात काल्च दिसला. सामान ओढायच्या कामाला आहे विमानतळावर, आणि आमच्याच गावच्या कड्यावर शिकारीला येतो. ‘अरे घुबड्या, आलास का? खोक्यात काय?’

मला ‘घुबड्या’ म्हटलं की राहवत नाही. गावात चाळीस वर्षं हेच नाव आहे माझं. मी बस चालवतो, तिच्या पाठीवर घुबड रंगवलंय, खाली ‘लेली, १९५६’. डिंग्ली ते व्हॅलेटा शेंबडं पोर ओळखतं. मी म्हटलं, ओळख काय असेल! आणि तिथेच, ढकलगाडीवर, खोका उघडला.

काल्चनं टोपी काढली. खरंच काढली. म्हणाला, ‘आपल्या कड्यावरचं? आता एक उरलं नाही रे तिथं.’ सामान ओढणारे आणखी तिघे जमले, चौघांत तीन शिकारी. मी गोष्ट सांगायला लागलो – संध्याकाळ, वारा, मी पंधरा वर्षांचा...

गोष्ट ऐकायला शिबेर्रासबाईही मागे येऊन उभी राहिली होती. कस्टमची अधिकारी. वर्दीत.

‘कागद?’

कसले कागद?

‘घुबडाला कागद लागतात. बाहेरच्या देशातून आणायचं तर लागतातच.’

अहो, हे इथलंच आहे! इथून तिकडे गेलं, आता घरी आलं!

‘असेल. मला कसं कळणार?’

मी म्हटलं, बाई, रोज सकाळी माझ्या बसनं येता तुम्ही. बारा वर्षं झाली. ती म्हणाली, ‘येते ना. तुम्ही तिकिटाशिवाय कुणाला बसू देता का?’



जप्तीची पावती दिली. चौदा दिवस. पाखरांचा कायदा यायच्या आधीचं आहे असा पुरावा आणला तर परत देईन म्हणाली, नाहीतर जाळून टाकणार. नियमच आहे. तिनं आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्तच राग आला. घुबड माझ्यासमोर उचलून आत नेलं. लेबल लोंबत होतं.

काल्च म्हणाला, ‘चार पावलं होती रे फक्त.’ त्यालाच ढकलगाडीखाली घालावंसं वाटलं.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

व्हिटोरिन – लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढ्या काळात बायकोनं माझी एकही चूक फुकट घालवलेली नाही – कालपासून एकच वाक्य घोळवतेय. ‘हात दाखवून अवलक्षण.’ पाव कापताना, त्यावर टोमॅटो चोळताना, तेल घालताना. तीन वेळा.

आईचं वेगळं. तिला आता सावल्या तेवढ्या दिसतात. तिनं काचेचं कपाट उघडायला लावलं आणि रिकामा ठोकळा हातानं चाचपला. मी सांगितलं, आहे, विमानतळावर अडकलंय, आणतो. ती म्हणाली, ‘पीस कसं आहे? मऊ आहे का अजून?’ आहे म्हटलं. ‘विस्तीन रोज पुसत असेल.’

तोंडावर आलं होतं – चोरलेला माल पुसला तर काय उपकार केले? गिळलं. म्हातारीचा मुलगा गेलाय.

सव्वीस तारखेला विस्तीनच्या तीस दिवसांची प्रार्थना आहे, आपल्या चर्चमध्ये. आई म्हणाली, त्या दिवशी घुबड ठोकळ्यावर असलं तर तो घरी आल्यासारखं वाटेल. यापलीकडे तिनं काही मागितलेलं नाही. ना माझ्याकडे, ना वर्षानुवर्षं कुणाकडे.

रविवार, १७ ऑक्टोबर

प्रार्थनेनंतर बँड क्लबात, गावच्या वाजंत्र्यांच्या अड्ड्यावर गेलो. जायला नको होतं. चहाचा पेला तोंडाला लावतोय तोच – ‘काय घुबड्या, ऐकलं तुझं पाखरू तुरुंगात आहे?’ ‘जामीन कोण राहणार?’ ‘चौदा दिवसांनी जाळणार म्हणे. अंत्यविधीला बँड लावू की नको?’

हसलो. हसावंच लागतं, नाहीतर मरेपर्यंत सोडत नाहीत.

पुरावा कुठून आणू? फोटो नाही. बाबांची वही होती, ती पंच्याहत्तरच्या पावसात भिजून गेली. आईची साक्ष चालेल का विचारलं फोनवर. शिबेर्रासबाई म्हणाली, ‘आईची साक्ष सगळेच आणतात.’

मंगळवार, १९ ऑक्टोबर

सुचलं! म्हणजे मला नाही, झेप्पीला. बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता ऐंशीचा, शेजारच्या रबातला राहतो. बस उभी करून त्याच्याकडे गेलो, मागे उतारू शिव्या घालत होते. तो म्हणाला, ‘वेड्या, पुरावा पोटात आहे. नेनूची चिठ्ठी! तारीखवार.’

अरे देवा. मेलबर्नपासून डोक्यात चिठ्ठीच आहे, पण ती विस्तीनच्या तोंडावर मारायला. कस्टमच्या तोंडावर मारायचं सुचलंच नाही.

बाईला विचारलं. ती तयार आहे. सोमवारी, पंचवीसला, तिच्यासमोर झेप्पीनं उसवायचं. सही-शिक्का सगळं ती बघेल. मेहेरबानी!

एका दगडात दोन पक्षी. घुबड सुटेल, आणि पस्तीस वर्षांनी का होईना, कुणाचं होतं ते सरकारी कागदावर येईल.

बुधवार, २० ऑक्टोबर

आईला काय झालंय कळत नाही.

आनंदानं सांगायला गेलो. ती ऐकत होती, तोपर्यंत चेहरा बरा होता. ‘पोट उसवून चिठ्ठी काढणार’ म्हटलं आणि तिनं माळ खाली ठेवली.

‘उसवायचं नाही.’

अगं, नाहीतर जाळतील!

‘जाळू दे.’

मी थक्क झालो. परवा ठोकळा चाचपत होती ती हीच ना? म्हटलं, सव्वीसला घरी हवं म्हणालीस तूच.

‘आता नको म्हणते. विस्तीननं सांगितलं होतं ना उसवू नका म्हणून? मेलेल्या माणसाचं ऐकावं, पोरा.’

हे तिला कुणी सांगितलं? लॉरेननं फोनवर सांगितलं असणार. मग माझा तोल गेला. म्हटलं, तू कायम त्याचीच बाजू घेतलीस. तो घेऊन पळाला तेव्हाही तू गप्प, बाबा गप्प. एकानंही म्हटलं नाही की लेली, तुझं गेलं, वाईट झालं. मी इथं राहिलो. तुमची दुखणी मी काढली. बाबांना खांदा मी दिला. आणि मरताना तो लेबल लावतो, त्याचं कौतुक!

तिनं नुसता हात पुढे केला, माझा हात शोधायला. मी दिला नाही.

बाहेर आलो तर व्हिटोरिन म्हणाली, ‘एवढ्या म्हाताऱ्या बाईवर ओरडतोस? एका मेलेल्या पक्ष्यासाठी?’ पक्ष्यासाठी नाही. पण मग कशासाठी, ते तिला सांगता येईना.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

आई जेवायला खाली आली नाही. पेज वर नेऊन दिली.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

आज फेऱ्या कमी होत्या. कड्याच्या टोकाला बस लावून बसलो. इथंच पडलं होतं ते.

लिहून ठेवतो, म्हणजे सोमवारी चिठ्ठीशी ताडून पाहता येईल. जानेवारी १९५६, शेवटचा रविवार. मी पंधरा, विस्तीन एकोणीस. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा मला त्यांची बंदूक दिली, काडतुसं जाड छर्ऱ्यांची, मिरीच्या दाण्याएवढे. विस्तीनकडे त्याची जुनी. त्याची काडतुसं तो स्वतः भरायचा, मोहरीएवढे बारीक छर्रे, लहान पाखरांसाठी. मी त्याला चिडवायचो – तू काय शिकार करतोस की फोडणी घालतोस?

सूर्य समुद्रात टेकला आणि कपारीतून ते निघालं. पांढरं, आवाज नाही पंखांचा. मी बंदूक उचलली. विस्तीननंही उचलली. दोन्ही बार बरोबरच झाले. ते वाकडं होऊन पडलं. मी ओरडलो – माझं! माझं! विस्तीननं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘तुझंच. माझा नेम वर गेला.’ खांद्यावर बसवून घरी आणलं मला, पंधरा वर्षांच्या घोड्याला. गल्लीभर ओरडत – लेलीनं घुबड मारलं!

असा होता तो. म्हणून तर चोरीचा जास्त राग आला. परक्यानं नेलं असतं तर विसरलो असतो.

आता ते पत्रही लिहून टाकतो, कुणाला सांगितलेलं नाही. बाबा एकाहत्तर साली गेले. पुढच्या वर्षी विस्तीनचं पत्र आलं, येतोय, तिकीट काढतोय, सगळ्यांना भेटायचंय. मी उत्तर दिलं. दोन ओळी. ‘माझं घुबड घेऊन ये. त्याशिवाय हे दार उघडणार नाही.’

त्याचं उत्तर आलं नाही. तो आला नाही. आई त्यानंतर सहा महिने रोज टपालवाल्याची वाट बघायची, आणि मी तिला म्हणायचो, तुझा लाडका विसरला तुला.

लॉरेन तिकिटाचं म्हणाली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

पण मी चुकीचं काय लिहिलं होतं? ज्याचं त्याला परत मागितलं. बस्स. सोमवारी कळेलच सगळ्यांना.

रविवार, २४ ऑक्टोबर

आईनं आज पुन्हा विचारलं. ‘उद्या जाणारच?’ जाणार. ‘मग मी काही म्हणत नाही.’ मग थोड्या वेळानं – ‘जेवून जा. उपाशी पोटी जाऊ नकोस.’

सोमवार, २५ ऑक्टोबर

झालं. घुबड घरी आहे.

कस्टमच्या मागच्या खोलीत टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. झेप्पीनं रबरी हातमोजे घातले – जुन्या पाखरांत सोमलाचं विष असतं, बाबांच्या बोटांची कातडी त्यानंच गेली होती. शिबेर्रासबाई समोर, हातात पेन. काल्च कामाचं निमित्त काढून दारात.

झेप्पीनं पोटावरची पिसं फुंकून बाजूला केली. टाके दिसले. म्हणाला, ‘बघा बाई, हा नेनूचा टाका. प्रत्येक तिसरा दुहेरी.’ कात्रीचं टोक लावलं. मला वाटलं माझंच पोट उसवतायत.

आत ताग, तारा. तागाच्या मध्यात मेणकापडाची पुडी. झेप्पीनं ती उघडली. घडी घातलेला कागद निघाला आणि कागदातून छर्रे सांडले. पांढऱ्या कागदावर टपटप, घरंगळत. मी एक उचलला. दोन बोटांत धरला. परत ठेवला. दुसरा उचलला.

झेप्पी मोठ्यानं वाचायला लागला. ‘घुबड. डिंग्लीचा कडा. २९ जानेवारी १९५६.’ बाई म्हणाली, ‘एवढं पुरे. तारीख मिळाली.’ आणि लिहायला लागली. झेप्पीचे ओठ मात्र थांबले नव्हते. तो पुढचं मनात वाचत होता. मग त्यानं चष्मा काढला, कागदाची घडी केली आणि माझ्या खिशात घातली. ‘बाकीचं तुझं तू वाच, लेली. घरी जाऊन.’

दारातून काल्च – ‘काय लिहिलंय? सांग की! घुबड्याचं नाव आहे ना?’

झेप्पी त्याच्यावर एवढा खेकसला की मी दचकलो.

बाईनं शिक्का मारला. म्हणाली, ‘मला आनंद झाला, खरंच. तुमचं तुम्हाला मिळालं.’ मी थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. झेप्पीनं तिथंच पुन्हा शिवून दिलं. त्यानंही प्रत्येक तिसरा टाका दुहेरी घातला.

चिठ्ठी वाचली. रस्त्यात, बस बाजूला घेऊन. उतारू नव्हते.

आज लिहीत नाही.

छर्रे मोहरीएवढे होते.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

विस्तीनच्या नावानं प्रार्थना झाली. फादरनी त्याचं नाव मोठ्यानं घेतलं. मी पहिल्या रांगेत होतो, मान वर करता आली नाही. लोकांना वाटलं, भावाचं दुःख. दोघंतिघं येऊन पाठ थोपटून गेले.

घरी आल्यावर आईला कपाटापाशी नेलं. तिनं घुबडाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पंख, मग पोट. बोटं नव्या टाक्यांवर थांबली.

‘वाचलंस.’

हो.

‘मला शपथ घातली होती रे दोघांनी. बापानं आणि लेकानं.’ मग म्हणाली, ‘तू इतका खूष होतास तेव्हा. आठवडाभर बंदूक उशाला घेऊन झोपलास.’

आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, घुबडाच्या फिरवला तसाच. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी. दिवाणखान्यात उभा राहून रडलो. व्हिटोरिन आली, काही न विचारता दार लावून गेली. 

गुरुवार, २८ ऑक्टोबर

बस काढली नाही.

शनिवार, ३० ऑक्टोबर

काल्च दारात येऊन गेला. ‘चल क्लबात, घुबड सुटलं, पाज सगळ्यांना!’ डोकं दुखतंय सांगितलं. तो जाता जाता अंगणातल्या बसच्या पाठीवर थाप मारून गेला, चित्रावर.

मंगळवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. बाबांच्या कबरीवर जाऊन आलो. चिठ्ठी इथं उतरवतो.

‘घुबड. डिंग्लीचा कडा. २९ जानेवारी १९५६. आतून सात छर्रे निघाले, सोबत ठेवले आहेत. सगळे बारीक. लेलीच्या बंदुकीतला एकही लागलेला नाही. पाखरू विस्तीनचं. विस्तीन म्हणतो, धाकट्याला कळू द्यायचं नाही. बाहेर लेलीचं म्हणू. आत खरं लिहिलं. नेनू.’

लॉरेनला पत्र टाकलं. घुबड तुझ्या बापाचं, म्हणून तुझं. न्यायला ये. कागद मी करून ठेवतो. नाही न्यायचं तरी ये. दार उघडं आहे.